व्हिडिओत अख्खी गुठळी बाहेर येते. मग सासूबाईंना सहा महिने गोळ्या कशाला?

पत्र (थोडं आटोपशीर करून):

“डॉक्टर, नमस्कार. आम्ही विडी घरकुलात राहतो. सासूबाई ४८ वर्षांच्या आहेत, अंगानं भारी. लग्न होऊन आल्यापासून विड्या वळतात. मागच्या महिन्यात धाकट्या दिराचं लग्न वारंगलला झालं. जाता-येता रात्रभर ट्रॅव्हल्सचा प्रवास. परत आल्यावर चौथ्या दिवशी त्यांचा डावा पाय जांघेपासून पावलापर्यंत सुजला. डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) केल्यावर मांडीच्या शिरेपासून वर पोटापर्यंत गुठळी दिसली. ॲडमिट केलंय, पोटात दिवसातून दोनदा इंजेक्शन चालू आहे. आज सातवा दिवस. दुखणं कमी झालं, सूज तेवढीच आहे. एक डॉक्टर म्हणाले, पुण्याला नेऊन नळीनं गुठळी काढून घ्या, अडीच-तीन लाख लागतील. आमचे डॉक्टर म्हणतात, सहा महिने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर भागेल. ह्यांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, त्यात नळीतून गांडुळासारखी लांब गुठळी बाहेर येते आणि बाई दुसऱ्या दिवशी चालते. चुलत सासरे म्हणतात, एक चोळणारा आहे, तेल लावून शीर मोकळी करून देतो. सासूबाई म्हणतात, मला कुठं नेऊ नका, कर्ज काढू नका. काय करावं? लग्नात पाळी येऊ नये म्हणून त्यांनी गोळ्या घेतल्या होत्या, त्यानं अंगात उष्णता झाली असेल का? आणि परत विड्या वळायला कधी बसता येईल? – एक सून, सोलापूर”

ताई,

पत्र आलं त्याच संध्याकाळी आपलं फोनवर बोलणं झालं, त्यामुळे तातडीचं सगळं तुमच्यापर्यंत पोचलंय. सविस्तर उत्तर इथे देतोय, कारण नळीनं गुठळी काढण्याबद्दल विचारणारे आता वाढलेत आणि बहुतेकांच्या मोबाइलमध्ये असाच एखादा व्हिडिओ असतो.

आधी चुलत सासऱ्यांचं बघू. माणूस मायेनं बोलतोय, भांडू नका. पण चोळणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ताजी गुठळी शिरेच्या भिंतीला धड चिकटलेली नसते. चोळल्यानं तिचा तुकडा सुटला तर तो जांघेतून पोटातल्या मोठ्या शिरेत, तिथून हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि तिथून फुप्फुसाच्या धमनीत जातो. तुकडा मोठा असेल तर माणूस बसल्या जागी जातो. तेल, गरम पाण्याचा शेक, पट्टा आवळून बांधणं, यातलं काही नको.

याच कारणानं घरातल्या प्रत्येकाला एक गोष्ट पाठ असू द्या. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, थुंकीत रक्त दिसलं, चक्कर येऊन डोळ्यापुढे अंधारी आली, तर रिक्षा शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. दवाखान्यातच असाल तर सिस्टरला त्याच क्षणी सांगा, “सकाळी राउंडला सांगू” असं करू नका.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या घरात वाद चाललाय तो ‘गुठळी काढायची की गोळ्या घ्यायच्या’ असा. यात एक गैरसमज आहे. गुठळी काढली तरी गोळ्या घ्याव्याच लागतात, आणि बहुधा तेवढेच महिने. जिथे गुठळी झाली तिथे शिरेच्या आतलं अस्तर दुखावलेलं असतं. काढल्यानंतर औषध नसेल तर काही दिवसांत तिथेच नवी धरते. व्हिडिओत ती बाई दुसऱ्या दिवशी चालताना दाखवतात, तिच्या पिशवीतल्या गोळ्या दाखवत नाहीत.

जीव वाचवण्याचं काम पोटातली इंजेक्शनं आणि नंतरच्या गोळ्याच करतात, आणि ते तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून सुरू आहे. तुमच्या डॉक्टरांनी यात कुठे कसूर केलेली नाही. ही औषधं असलेली गुठळी विरघळवत नाहीत. तिला वाढू देत नाहीत, नवी होऊ देत नाहीत. विरघळवण्याचं काम शरीर आपलं आपण, आठवड्या-महिन्यांच्या हिशेबानं करतं. कुणाचं पूर्ण होतं, कुणाचं अर्धवट राहतं.

अर्धवट राहिलं की काय होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. पायाच्या शिरांत वर चढलेलं रक्त परत खाली उतरू न देणाऱ्या झडपा असतात. गुठळी तिथे मुरली, घट्ट झाली की झडपा निकामी होतात, किंवा शीरच अरुंद राहते. मग दिवस चढेल तसा पाय जड होतो, संध्याकाळी सुजतो, खाजतो. काही वर्षांनी घोट्यावरची कातडी काळी पडते आणि थोड्या लोकांना तिथे न भरणारी जखम होते. शिरेत गुठळी झालेल्या शंभरातल्या वीस ते पन्नास जणांना कमी-अधिक प्रमाणात हा त्रास राहतो. गुठळी पोटरीपुरती असली तर धोका कमी असतो. सासूबाईंसारखी जांघेच्या वर पोटापर्यंत गेलेली असली तर जास्त. पुण्याला जो खर्च सांगितलाय तो या त्रासाची शक्यता कमी करण्यासाठी आहे. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की ती किती कमी होते.

त्याचं उत्तर व्हिडिओइतकं दिमाखदार नाही. अमेरिकेत ६९२ रुग्णांवर ‘ॲट्रॅक्ट’ नावाचा अभ्यास झाला, तो २०१७ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना नुसती औषधं, अर्ध्यांना औषधांबरोबर नळीनं गुठळी विरघळवणं किंवा काढणं. दोन वर्षांनी बघितलं तर पायाचा हा जुनाट त्रास एका गटात ४७ टक्के, दुसऱ्यात ४८ टक्के. म्हणजे फरक जवळजवळ शून्य. वर पहिल्या दहा दिवसांत मोठा रक्तस्राव नळीवाल्या गटात १.७ टक्के आणि नुसत्या औषधांच्या गटात ०.३ टक्का. तुमच्या डॉक्टरांनी “गोळ्यांवर भागेल” म्हटलं त्यामागे हेच आकडे आहेत, आळस नाही.

पण त्याच अभ्यासातल्या, ज्यांची गुठळी जांघेपासून वर पोटाकडे गेलेली होती अशा रुग्णांचा हिशेब वेगळा मांडला, तेव्हा चित्र थोडं बदललं. त्रास होण्याचं प्रमाण त्यांच्यातही फारसं घटलं नाही. मात्र मध्यम ते तीव्र त्रास, म्हणजे कामच करू देत नाही असा, नुसत्या औषधांवर २८ टक्क्यांना आणि नळीनंतर १८ टक्क्यांना झाला. शंभरातल्या दहा जणांना फायदा. पुण्याच्या सल्ल्यामागे हा आकडा आहे. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत.

ही दहा माणसं म्हणजे फार की थोडी? पाय वर करून गल्ल्यावर बसणाऱ्या शेठजींना थोडी वाटतील. दिवसभर मांडी घालून सूप मांडीवर घेऊन बसणाऱ्या बाईला, जिचा पाय दुमडलाच नाही तर मजुरीच बंद, तिला ती तशी वाटणार नाहीत. हा भाग कुठल्या अभ्यासात सापडत नाही. तो तुम्हाला घरातच ठरवावा लागेल आणि तो ठरवताना सासूबाईंना विचारलंच पाहिजे. पाय त्यांचा आहे.

माझं मत विचारलंत म्हणून सांगतो. मत घ्यायला जरूर जा, ॲडव्हान्स भरायला जाऊ नका. सासूबाईंच्या बाजूनं बऱ्याच गोष्टी आहेत. वय ४८, आधी हिंडत्या-फिरत्या होत्या, गुठळी वरच्या भागात आहे आणि औषध सुरू होऊनही सूज हललेली नाही. अलीकडे ऑपरेशन, डोक्यात रक्तस्राव, पोटातला अल्सर असं काही तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर आधी सांगा, कारण मग नळीतून विरघळवणारं औषध देता येत नाही. गुठळी सूज आल्यापासून साधारण १४ दिवसांच्या आत असेल तर चांगली निघते. नंतर ती घट्ट होऊन भिंतीला धरते. तुमचे सात गेलेत. म्हणजे आज रात्रीच पळायला हवं असं नाही, पण “दिराचं सत्यनारायण झालं की बघू” असंही नाही. या तीन-चार दिवसांत.

आणि सावकाराकडून पैसे घेऊनच हे होणार असेल, तर गोळ्यांवर राहणं म्हणजे सासूबाईंची हेळसांड, असं मनाला लावून घेऊ नका. नात्यातलं कुणी तसं बोललं तर वरचे आकडे दाखवा.

एका परिस्थितीत मात्र यातला एकही हिशेब लागू नाही. पाय निळा-जांभळा पडला, सूज इतकी की कातडी ताणून चकाकायला लागली, वेदना सहन होईना, पाऊल गार पडलं, तर शिरा इतक्या तुंबल्यात की रक्त पायात उतरतसुद्धा नाही असं समजायचं. त्यात पाय जाऊ शकतो, जीवही. तेव्हा खर्च, मत, व्हिडिओ सगळं बाजूला. काही तासांत गुठळी काढावी लागते.

त्या व्हिडिओबद्दलही थोडं बोलतो, कारण असे व्हिडिओ वेगवेगळ्या आजारांचे असतात आणि लोक सगळे एकाच मापानं मोजतात. गुठळी कुठल्या नळीत आहे यावर सगळं ठरतं. मेंदूच्या मोठ्या धमनीत अडकली तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. तिथे जांघेतून किंवा मनगटातून नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढणं हा खरोखर चमत्कार वाटावा असा उपचार आहे. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या ५०० रुग्णांच्या अभ्यासानं तो सिद्ध झाला, त्याच वर्षी आणखी चार अभ्यासांनी तेच सांगितलं. २०१८ पासून निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही तो करतात. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर घड्याळ बघा आणि निघा. पायाच्या धमनीत अडकली तर पाय एकाएकी पांढरा, थंड, नाडी नसलेला होतो, तिथेही सहाएक तासांचा खेळ असतो. या कामाची सुरुवात टोकाला फुगा असलेल्या बारीक नळीनं झाली, अमेरिकेतल्या टॉमस फोगार्टी यांनी ती १९६३ मध्ये मांडली. नळी गुठळीच्या पलीकडे नेऊन फुगा फुगवायचा आणि गुठळीसकट मागे ओढायचा. आजची सगळी साधनं त्याच कल्पनेची नातवंडं. सासूबाईंची गुठळी मात्र धमनीत नसून शिरेत आहे. तिथे फायदा कमी मिळतो, आणि विचार करायला वेळ जास्त.

पुण्यात नेमकं काय करतील, तेही ऐकून ठेवा म्हणजे सासूबाईंची भीती कमी होईल. चिरफाड नाही, टाके नाहीत, सहसा पूर्ण भूलही नाही. पालथं झोपवतात, गुडघ्यामागे सोनोग्राफीवर बघत सुई टोचतात, तेवढीच जागा बधिर करतात. सुईतून तार, तारेवरून नळी. रंगाचं औषध सोडून पडद्यावर शीर बघतात, म्हणून आधी किडनीची रक्ततपासणी लागते. पुढे दोन रस्ते. जुना असा, की बारीक भोकांची नळी गुठळीतच ठेवून विरघळवणारं औषध थेंबाथेंबानं १२ ते २४ तास किंवा जास्त सोडायचं. रुग्ण आयसीयूत, दर काही तासांनी रक्त तपासणी, आणि रक्तस्रावाचा धोका जास्त तो इथेच. दुसरा, रुंद नळीनं गुठळी शोषून किंवा जाळीनं ओढून एकाच बैठकीत काढायची. त्यात विरघळवणारं औषध कमी लागतं, कधी लागतच नाही. हा रस्ता रक्तस्रावाच्या दृष्टीनं बरा, पण साधन एकदाच वापरायचं असतं आणि बिलाचा मोठा भाग तेच खातं. पाण्याच्या वेगवान फवाऱ्यानं गुठळी फोडणारंही यंत्र आहे. त्यानंतर लघवी लाल होते, घाबरू नका, रक्तपेशी फुटल्यानं ते होतं. फक्त सलाइन भरपूर द्यावं लागतं, नाहीतर किडनीवर ताण येतो.

गुठळी निघाल्यावर एक गोष्ट आवर्जून बघतात, आणि ती डाव्या पायाशीच जोडलेली आहे. उजव्या पायाकडे जाणारी धमनी पोटात डाव्या पायाच्या शिरेवरून आडवी जाते आणि काही जणांत ती शीर मणक्यावर दाबली जाते. मे आणि थर्नर या दोघांनी १९५७ मध्ये ४३० मृतदेह तपासून सुमारे २२ टक्क्यांत त्या दाबाच्या खुणा दाखवल्या. जन्मभर काही त्रास होत नाही, आणि मग लांबचा प्रवास किंवा औषधाचं निमित्त होतं. अशी जागा सापडली तर फुग्यानं रुंद करून स्टेंट घालतात. हा खर्च तीन लाखांत धरलाय का, हा पहिला प्रश्न तुमच्या नवऱ्याला वहीत लिहून द्या.

बाकीचे प्रश्न विचारायला लाजू नका. हे काम कोण करणार, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (पडद्यावर बघत नळीनं उपचार करणारे) की व्हॅस्क्युलर सर्जन (रक्तवाहिन्यांचे सर्जन), आणि पायाच्या शिरांची कामं ते नेहमी करतात का? हृदयाची अँजिओप्लास्टी रोज करणारा हात शिरेच्या कामातही तसाच चालेल असं गृहीत धरू नका. सोलापुरात कॅथलॅब, म्हणजे अशी नळीची कामं करायच्या खोल्या, आहेत, तेव्हा आधी इथेच चौकशी करा, कदाचित पुण्याची खेप वाचेल. विरघळवणारं औषध वापरणार की नाही? आयसीयूचे दिवस किती? पोटातल्या शिरेत जाळी बसवणार असतील तर का, आणि काढणार कधी? ज्यांना रक्त पातळ करणारं औषध देताच येत नाही अशांसाठी ती जाळी असते. सरसकट बसवायची नसते, आणि बसवून विसरायची तर अजिबात नसते. नंतरच्या तपासण्या सोलापुरात कोण करणार?

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेच्या यादीत ते हॉस्पिटल आहे का आणि हा उपचार त्यांच्याकडे मंजूर होतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला ॲडमिट होण्याआधी विचारा. एकदा रोखीनं ॲडमिट झाल्यावर विचारण्यात अर्थ राहत नाही. रेशनकार्ड, आधार आणि सासूबाईंचं विडी कामगाराचं कार्ड, तिन्ही पिशवीत टाका. घरात कुणी ईएसआयवाल्या कारखान्यात असेल आणि सासूबाईंचं नाव त्याच्या कार्डावर असेल तर तोही रस्ता बघा.

प्रवास? आताच्या डॉक्टरांना न सांगता रातोरात हलवू नका. त्यांच्याकडून डिस्चार्ज कार्ड, डॉपलरचा रिपोर्ट, कुठलं इंजेक्शन शेवटी किती वाजता दिलं याची नोंद घ्या. श्वास ठीक असेल, नाडी-बीपी ठीक असेल आणि त्यांनी हरकत घेतली नाही, तर अडीचशे किलोमीटर जाता येतं. इंजेक्शनची वेळ चुकवायची नाही, प्रवासात आली तरी. गाडीनं गेलात तर मागच्या सीटवर पाय लांब, आणि टेंभुर्णीला, भिगवणला उतरून पाच मिनिटं चालवा. वंदे भारतनं नेलंत तर डब्यातल्या डब्यात फिरता तरी येतं. पाणी पाजत राहा. लघवीला कुठे जायचं म्हणून आपल्या बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत. वारंगलच्या ट्रॅव्हल्समध्येही बहुधा हेच झालं असणार.

आणि आता तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेली गोष्ट. माझ्या मते ती पत्रातली सगळ्यात महत्त्वाची आहे. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या.

उष्णतेचा प्रश्न नाही. या गोळ्यांत बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन असतं, पाच मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा. शरीरात तिचा काही भाग गर्भनिरोधक गोळ्यांत असतं त्याच इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि इस्ट्रोजेननं रक्त गोठण्याकडे झुकतं. विशीतल्या सडपातळ मुलीनं आठवडाभर घेतल्या तर धोका फार लहान. पण ४८ वय, भारी अंग, रात्रभर पाय लोंबकळत बसलेला प्रवास, पाणी कमी, आणि वर या गोळ्या. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्शो यांनी १८५६ च्या सुमारास गुठळीची तीन कारणं सांगितली: रक्त साचणं, शिरेच्या भिंतीला इजा, रक्ताचा गोठण्याकडे कल. सासूबाईंकडे त्यातली दोन तरी एकाच आठवड्यात जमली.

गड्डा यात्रा, वारी, वास्तुशांत, लग्न. आपल्याकडे मेडिकलच्या काउंटरवरून या गोळ्या चिठ्ठीशिवाय नेल्या जातात आणि सासू-सून-जाऊ मिळून वाटून घेतात. मला यावर नेहमी राग येतो, तो बायकांवर नाही. पाळी आलेली बाई मांडवात चालत नाही असं ठरवणाऱ्यांच्या पायाला काही गुठळी होत नाही.

तुमच्या डॉक्टरांना हे सांगितलंय का? नसेल तर आजच सांगा, संकोच नको. याचा उपचारावर थेट परिणाम आहे. गुठळीला असं तात्पुरतं निमित्त सापडलं तर गोळ्या साधारण तीन ते सहा महिन्यांनी थांबवता येतात. निमित्तच नसेल तर कधी वर्षानुवर्षं चालू ठेवाव्या लागतात, लपलेल्या कॅन्सरची प्राथमिक तपासणीही करतात. माहेरी कुणाला अशी गुठळी झाली होती का, सासूबाईंचे पूर्वी वारंवार गर्भपात झाले होते का, हेही सांगा. आणि त्या गोळ्या त्यांच्यासाठी कायमच्या बंद. तुमच्या घरात दुसऱ्या कुणी घेण्याआधी डॉक्टरला विचारायचं.

नळी होवो न होवो, घरी आल्यावरच्या गोळ्यांचं नीट ऐका. माझ्या ओळखीतले बहुतेक घोटाळे इथेच होतात. रिव्हारोक्साबॅन ही रक्त पातळ करणारी गोळी दिली तर सुरुवातीला १५ मिलिग्रॅम दोनदा, सर्वसाधारणपणे २१ दिवस, मग २० मिलिग्रॅम एकदा. तुमच्याकडे इंजेक्शनांचे दिवस त्यात धरणार का, ते चिठ्ठीवर तारखेनिशी लिहून घ्या. डोस बदलायचा त्या दिवशी लोकांचं पाकीट संपतं आणि ‘कोर्स झाला’ म्हणून थांबतात. ही गोळी जेवणाबरोबरच घ्यायची, उपाशीपोटी नीट शोषली जात नाही, तेव्हा सोमवारचा उपास या काळात सोडायला सांगा. त्याऐवजी वॉरफरिन दिली तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) तपासून तो २ ते ३ मध्ये ठेवतात. मेथी-पालक बंद करायची गरज नाही, रोजचं प्रमाण सारखं ठेवा. कुणी म्हणेल, अहो हे तर उंदराचं औषध! खरं आहे. वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारायलाच बाजारात आलं. १९५४ पासून माणसांना दिलं जातं आणि १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर तेच दिलं होतं. डोसवर सगळं आहे.

अंगदुखीला मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा ब्रुफेन आणायची नाही, या औषधांबरोबर पोटात रक्तस्राव होतो. पॅरासिटामॉल चालेल. शौचाला डांबरी काळं, हिरड्यांतून रक्त, डोक्याला मार, यातलं काहीही झालं तर दवाखाना. सासूबाईंना पाळी येते आहे म्हणजे ती आता जास्त जाईल. एक-दोन तासाला पॅड भरत असेल तर डॉक्टरला सांगायचं, मनानं गोळी बंद करायची नाही.

लांब मोज्यांबद्दल कुणीतरी सांगेलच. पूर्वी दोन वर्षं घाला म्हणायचे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात त्यांनी पुढचा त्रास टळतो असं दिसलं नाही. सूज आणि जडपणा कमी वाटत असेल तर घालावेत, पण सोलापूरच्या मे महिन्यात चाळीस-बेचाळीस डिग्रीत ते मोजे घालायची सासूबाईंवर जबरदस्ती नको. चालणं मात्र लवकर सुरू करा. महिनाभर अंथरुणात पडून राहायचं, ही जुनी समजूत. औषध लागू झालं की चालल्यानं नुकसान नाही.

राहिलं विड्यांचं. गुठळी विड्यांमुळेच झाली असं मी म्हणणार नाही, तीस वर्षं त्या वळतच होत्या. पण तासन् तास मांडी घालून पोटरी न हलवता बसणं त्या पायाला आता परवडणारं नाही. दुखणं उतरलं, चालणं सुरू झालं की, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, काही आठवड्यांत काम सुरू करता येईल. जमिनीवर नको. खुर्ची आणि सूप ठेवायला समोर गुडघ्याच्या उंचीचं स्टूल. पानं भिजवणं, कापणं उभ्यानं ओट्यावर. अर्ध्या-पाऊण तासानं उठून ओसरीत दोन फेऱ्या, बसल्या बसल्या पावलं वर-खाली. पहिले महिने रोजच्या हजार विड्यांचा आकडा गाठायचा नाही. कारखान्यातून पान-तंबाखू आणणं आणि माल पोचवणं तुमच्या नवऱ्यानं किंवा नव्या नवरदेवानं करायचं. गुठळीचं निमित्त त्याच्याच लग्नाचं, तेव्हा त्याला सांगायला हरकत नाही.

तीन महिन्यांनी डॉपलर परत करून घ्या आणि मधल्या काळात डाव्या पायाचा घेर, गुडघ्याखाली चार बोटांवर, आठवड्यातून एकदा टेपनं मोजून वहीत लिहा. एकदम वाढला तर तीन महिन्यांची वाट बघू नका.